दोन आणि तीन यांच्यामधला तास

आदरणीय सय्यद यासीन साहेबांनी मला टाइप करायला दिलेला पहिलाच कागद त्यांच्या स्वतःविरुद्धचा होता. भूकंपाला तेव्हा महिनाही झाला नव्हता. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या आमच्या नगरपालिकेत (गावाचे नाव मुद्दाम घेत नाही, या गौरवग्रंथाचे वाचक ते जाणतातच) मी रोजंदारीवर टंकलेखनाला लागून जेमतेम आठ दिवस झाले होते. पालिकेची निम्मी माणसे भूकंपग्रस्त गावांत मदतीला गेली होती. एका दुपारी एक उंच गृहस्थ आत आले. सदरा मातीने असा भरलेला, की मूळ रंग ओळखू येऊ नये. मी त्यांना गवंडी समजले आणि म्हणाले, "मजुरीचं तिकडं बघा, त्या खिडकीवर."

"मजुरीचं न्हाई बाई, कसुराचं लिहायचंय. बसा मशीनवर," ते म्हणाले.

ते पालिकेचे बांधकाम बघणारे यासीन साहेब होते. मग त्यांनी उभ्या उभ्या मजकूर सांगितला. तात्पुरत्या निवाऱ्यांसाठी आलेले पत्रे त्यांनी न तपासता उतरवून घेतले होते. नमुन्याचा पत्रा जाड होता, ट्रकमधून आला तो पातळ. पहिल्याच वाऱ्यात काही पत्रे उडाले आणि एका म्हातारीचा हात कापला गेला. मी विचारले, "पुरवठा करणाऱ्याचं नाव घालू का?" साहेब म्हणाले, "त्याच्यासाठी दुसरा कागद करू. ह्या कागदात माझं नाव." साहेबांचे वडील कल्हई करीत. जाता जाता साहेब स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "अब्बा भांडं हातात घेतलं की आधी बोटानं वाजवून बघायचे. मी कल्हईवाल्याचा पोरगा, अन् मला पत्रा वाजवून बघता आला न्हाई."

त्यानंतरची सगळी वर्षे साहेब प्रत्येक गोष्ट वाजवून बघत आले. पाइप, विटा, कचऱ्याच्या गाड्यांचे डबे, सगळे. आम्ही कार्यालयातली मंडळी त्यांच्या माघारी हसायचो. चपराशाने आणलेला चहाचा कपसुद्धा साहेब टकटक करून घेतात, असे मीच एकदा म्हणाले होते, आणि ते नेमके दारात उभे होते. "कप चांगला हाय बाई, चहाच पातळ हाय," एवढेच बोलून ते आत गेले.

बांधकामाबरोबर स्वच्छता विभागही त्यांच्याकडे आला, तेव्हा लातूरच्या शिकवण्यांची लाट आमच्या गावापर्यंत पोचली होती. ज्यांच्या घरात दोन खोल्या होत्या त्यांनी एकीत चार कॉट टाकल्या. गल्लोगल्ली मेस निघाल्या. मुलांच्या फळ्यांवरची गणिते कितपत सुटत होती कोण जाणे, पण उकिरड्याचे गणित मात्र साफ बिघडले. गावाबाहेरच्या डेपोवर कचरा दिवसरात्र धुमसायचा आणि त्या धुरात बायका तोंडाला पदर बांधून भंगार वेचायच्या.

साहेब सकाळी सहाला मेसच्या मागच्या दारांशी जाऊन उभे राहू लागले. मेसवाल्यांना वाटले, धाड आली. साहेब फक्त उरलेल्या भाताच्या बादल्या बघत होते. पंधरा दिवसांनी त्यांनी मला सांगितले, "बाई, टेस्टच्या दिवशी पोरं जेवत न्हाईत. बादल्या दुप्पट भरून राहिल्यात." ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि त्या गॅसवर वीज करण्याचा प्रकल्प तेव्हा कागदावर आकार घेत होता. यंत्रणेने टेस्टच्या दिवसाचा बोजा सोसला पाहिजे, अशी अट साहेबांनी निविदेत घातली. बड्या गावच्या सल्लागारांना हे कधी सुचले असते असे मला वाटत नाही.

निविदा भरण्याआधी ठेकेदारांशी बैठक घ्यावी लागते. ती सगळीकडे सभागृहात होते, चहा-बिस्किटांसह. साहेबांनी ती डेपोवर घेतली. पांढऱ्या कपड्यांतली मंडळी नाकाला रुमाल लावून उभी. साहेब म्हणाले, "ज्याला इथं तासभर उभं राहवत न्हाई, त्यानं इथलं काम मागू नये." वेचणाऱ्या बायकांतली थोरली, आशामती, तिलाही त्यांनी बोलायला लावले. ती म्हणाली, "मशीन आणा, न्हाई म्हनत न्हाई. पर धूर कवा बंद व्हनार, त्ये सांगा." साहेब तिला म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात." हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकलेला आहे.

साहेबांच्या मायेविषयीही लिहिले पाहिजे. माझी मुलगी वर्षा शिकवणीसाठी लातूरला होस्टेलवर राहिली, तेव्हा घरात कमावणारी मी एकटी; मला रजा मिळेना. साहेब कामानिमित्त लातूरला गेले आणि परस्पर होस्टेलवर पोचले. वर्षा लाजून अर्धी झाली, कारण साहेब खोली बघून थांबले नाहीत, शिडी लावून पाण्याच्या टाकीत डोकावले आणि ती धुवून घेतल्याशिवाय तिथून हलले नाहीत. ती आज शाळेत गणित शिकवते आणि अजून म्हणते, "तुझ्या साहेबांमुळे माझं नाव टाकीवाली पडलं होतं."

गौरव समितीने मला इथपर्यंतच लिहायला सांगितले होते. "सुमनताई, आठवणी गोड असू द्या, ते टेंडरचं प्रकरण तेवढं टाळा," असा निरोप होता. मी हो म्हणाले होते. पण ते प्रकरण टाळून साहेबांवर लिहिणे मला जमत नाही. गावात आजही चार माणसे जमली की कोणीतरी म्हणतेच, "माणूस चांगला, पण त्या टेंडरात कायतरी केलंतं त्यांनी." त्यांनी काय केले ते माझ्याइतके कोणालाच ठाऊक नाही.

निविदेची जाहिरात साहेबांनी स्वतः लिहून वर्तमानपत्राकडे पाठवली. निविदा पेटीत टाकण्याची वेळ एरवी दुपारी दोनपर्यंत असे. ती त्यांनी तीन केली आणि मला बजावले, "बाई, फॉर्मवरबी तीन करा. नांदेडची यष्टी दोनच्या पुढं येती, भायेरच्या माणसाला टाइम भेटला पायजे." मी मान हलवली. मग सगळे कारकून करतात तेच केले. मागच्या वर्षीच्या निविदेचा फॉर्म काढला, कामाचे नाव बदलले, तारखा बदलल्या आणि जुन्यावरून नवा टाइप केला. वेळ बदलायची राहिली. साहेबांनी माझ्यावर विश्वास टाकून सही केली. पेपरात तीन, फॉर्मवर दोन, आणि कार्यालयात हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

निविदा भरण्याच्या शेवटच्या दिवशी सभागृहात पेटी टेबलावर होती. साहेब डेपोवरून यायचे होते; दोनच्या ठोक्याला फॉर्मप्रमाणे कुलपावर लाखेचे सील लागले. आत चार पाकिटे होती, चारही गावातल्याच ठेकेदारांची, आणि चारही एकाच ओट्यावर बसून भरलेली हे शेंबडे पोरही सांगू शकले असते. दोन वाजून वीस मिनिटांनी दारात देवराव उभे राहिले. नांदेडहून आलेले, इस्लापूरकडच्या खेड्यांत गोबरगॅस बांधून हात बसलेला माणूस. काखेत पाकीट होते आणि कपाळावर घाम.

"पेटी बंद झाली," कोणीतरी म्हणाले.

"आँ? पेपरात तर तीन लिव्हलंय की." देवरावांनी खिशातून कात्रण काढले. तेवढ्यात साहेब आले. त्यांनी कात्रण घेतले, फॉर्म घेतला, दोन्ही शेजारी ठेवले. मग माझ्याकडे एकदाच पाहिले. मी तेव्हा कायम झाले नव्हते. कायम करण्याची फाइल जिल्ह्याला गेलेली होती. एका शब्दाने ती परत आली असती.

चौघांतले थोरले ठेकेदार उठले. "फॉर्म म्हंजे फॉर्म. ह्येचं पाकीट घेतलं तर कोर्टात खेचतो." साहेब म्हणाले, "घेत न्हाई." ठेकेदार खूश झाले. "मग चार वाजता पेटी खोला." साहेब म्हणाले, "ती बी खोलत न्हाई. आपल्याच दोन कागदांत दोन टाइम हायत. टेंडर रद्द करावं लागंल."

एकदम गलका झाला. प्रकल्पाचे अनुदान मार्चअखेर परत जाणार होते, हे सगळ्यांना ठाऊक होते आणि साहेबांना सर्वांत जास्त. मुख्याधिकारी बैठकीला नांदेडला गेलेले. कोणी पंखा बंद केला, कोणी खुर्ची आपटली. साहेबांच्या धर्मावरून जे बोलले गेले ते मी इथे लिहिणार नाही. बोलणाऱ्यांपैकी दोघे या ग्रंथाचे देणगीदार आहेत. साहेब पेटीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. अडीच तास. एकदा पाणी मागितले, तेही एका हाताने प्याले.

मुख्याधिकारी पाच वाजता आले. साहेबांनी निविदा रद्द करण्याचा प्रस्ताव हाताने लिहिला, तो मंजूर झाला, आणि चारही पाकिटे सीलबंद परत दिली गेली. देवरावांनी आपले पाकीट काखेत मारले. जाताना म्हणाले, "साहेब, माझं घेतलं न्हाई त्याचं वाईट न्हाई. दुसऱ्याचंबी खोललं न्हाई, लई झालं."

महिन्याभरात चौकशी लागली. आरोप असा की साहेबांनी आपल्या माणसासाठी मुद्दाम दोन वेगवेगळ्या वेळा घातल्या. चौकशी अधिकाऱ्यांना जबाब टाइप करायला माणूस हवा होता आणि पालिकेत टाइप येणारी मी एकटी. मी मशीनवर, समोर साहेब.

अधिकाऱ्यांनी विचारले, "हा फॉर्म कोणी टाइप केला?"

माझी बोटे कळांवर थांबली. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "सही माझी हाय. सहीच्या वर जे हाय ते समदं माझं. मी वाजवून बघितलं न्हाई, हा माझा कसूर."

"लिहा बाई," अधिकारी म्हणाले.

आणि मी लिहिले. वाक्य पुरे केले, पूर्णविराम दिला, कागद काढून त्यांच्या सहीसाठी पुढे केला. तोंडातून शब्द काढला नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत जाऊन रडले. ते म्हणाले, "तुमची ऑर्डर निघायची हाय. पोरगी शिकून राहिली. गप बसा." साहेबांची वेतनवाढ थांबली, बढती गेली, किनवटकडे बदली झाली. माझी ऑर्डर निघाली. अनुदान परत गेले आणि आशामतीला दिलेला उन्हाळ्याचा शब्द साहेबांना पाळता आला नाही. पुढची पाच वर्षे कचरा तसाच जळत राहिला. त्या बायकांच्या खोकल्यात माझा तो एक तास आहे, हे मी एक दिवसही विसरलेले नाही.

प्रकल्प झाला तेव्हा साहेब निवृत्त झालेले होते. उद्घाटनाला त्यांना कोणी बोलावले नाही. ते स्कूटरवरून आपण होऊन आले, मागे उभे राहिले आणि मंडळी पांगल्यावर गॅसच्या टाकीला बोटाने टकटक केली. आशामती जवळच होती. ती म्हणाली, "साहेब, धूर ग्येला बगा." साहेब हसले नाहीत. म्हणाले, "उशीर झाला, आशाबाई." त्यांच्या मागे मी उभी होते आणि मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले.

त्याच दिवशी मी त्यांना म्हणाले, "साहेब, आता तरी सांगू द्या." त्यांनी नकारार्थी मान हलवली. "मी हाय तवर न्हाई. मी गेल्यावर सांगा काय सांगायचं ते." मी शब्द दिला.

तो शब्द मी आज मोडते आहे. गावातल्या चार माणसांनी आता नीट ऐकावे: पेपरात तीन आणि फॉर्मवर दोन, ही चूक सुमन गव्हाणे हिची. साहेबांचा त्यात काही डाव नव्हता. जबाबातही माझे नाव यायला हवे होते आणि ते मी येऊ दिले नाही.

साहेब, तुम्ही रागावाल, हे मला कळते. पण तुम्हीच हिशेब करून बघा. आज तुमच्या पंचाहत्तरीला अल्लापाशी आणि माझ्या देवापाशी मी एकच मागते, की तुम्ही धडधाकट राहून शंभरी ओलांडावी, भाभींच्या हातचा चहा वाजवून घ्यावा आणि आम्हाला रागवत राहावे. हे मागणे खरे असेल, तर तुम्ही जाण्याची वाट बघत गप्प कशी बसू?