शनिवारची ऑर्डर

माझी पत्नी गेल्यावर औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानाचे मालक अधूनमधून घरी येत. एकदा चहा संपल्यावर म्हणाले, "सर, भाभी होत्या तोवर वेबसाइट चालली. आता मधेच बिघडली तर मला काय कळणार? दिवाळीपर्यंत बघतो, नाय तर बंद करतो."

दुकानाची ती वेबसाइट तिने बांधली होती. दर शनिवारी सकाळी ती स्वतः गिऱ्हाईक होऊन तपासायची. शोधाच्या चौकटीत 'शब्दकोश' लिहायचं, पुस्तक निवडायचं, नाव-पत्ता भरून ऑर्डर द्यायची आणि 'आपली ऑर्डर मिळाली' हे वाक्य दिसतंय का ते बघायचं. मी शेजारी पेपर वाचत बसे. तिने केलेलं आणि अजून चालू असलेलं एवढंच उरलं होतं. ते बंद होऊ द्यायचं नव्हतं.

निवृत्त होईपर्यंत मी कॉलेजात इतिहास शिकवत होतो. तिच्या खुर्चीत बसून हे काम हाताने करून पाहिलं, पण नावाच्या चौकटीपाशी हात थांबायचा. वेबसाइटची तपासणी प्रोग्रॅमकडून करून घेता येते, असं कुठंतरी वाचलं होतं. म्हणून पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकायला घेतली. दुपारी घरात बोलायला कुणी नसतं. कुठलीही भाषा शिकायला वेळ भरपूर होता. सेलेनियम नावाचं साधन बसवलं. आपण लिहिलेल्या सूचनांप्रमाणे ते ब्राउझर चालवतं.

सुरुवातीला ब्राउझर आपोआप उघडायचा आणि चूक दाखवून मिटायचा. पान यायच्या आधीच प्रोग्रॅम बटण शोधायला जात होता. त्याला थांबायला सांगावं लागतं, हे मग कळलं. अमुक बटण दिसेपर्यंत थांब, इतक्या सेकंदांत दिसलं नाही तर नापास म्हण आणि बंद हो. किती वाट बघायची हे त्याला आधीच सांगून ठेवता येतं. मला त्याचा थोडा हेवा वाटला.

नावाच्या जागी मी तिचंच नाव लिहिलं, कारण ती तेच लिहायची. एका दुपारी सगळं जुळलं. चौकटीत अक्षरं उमटत गेली, तिचं नाव, मग आमचा पत्ता. कीबोर्डवर कुणाची बोटं नव्हती. शेवटी चाचणी पास झाल्याचं दिसलं. मी प्रोग्रॅम पुन्हा चालवला. मग पुन्हा. तपासण्यासारखं काही राहिलं नव्हतं, तरी संध्याकाळपर्यंत चालवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मालक स्कूटरवरून गठ्ठा घेऊन दारात उभे.

"घ्या सर, सगळे शब्दकोश. घरात शब्दांची टंचाई पडली काय?"

आत येऊन त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला.

"दुकान उघडलं तर भाभींच्या नावानं ऑर्डरीच ऑर्डरी. कोण मस्करी करतंय म्हणून लई राग आला. मग पत्ता बघितला."

मी प्रोग्रॅमचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"ते ठीक हाय. पण फोन का नाय केला?"

"कसला फोन?"

"भाभी ऑर्डर टाकली की लगेच फोन करायच्या. 'भाईजान, ती माझी आहे, काढून टाका.' वर आमच्या घरवालीच्या गुडघ्याची चौकशी. तुम्हाला माहीत नाय?"

नव्हतं. तपासणी झाली की ती फोन घेऊन गॅलरीत जायची. मी पेपरातून मान वर काढलेली नव्हती.

त्यांना प्रोग्रॅम चालवून दाखवला. तिचं नाव उमटायला लागलं तसे ते खिडकीबाहेर बघू लागले. पास झाल्यावर म्हणाले, "झाली का अजून एक ऑर्डर?"

"झाली."

"म्हणजे चालतंय."

"चालतंय. रोज तपासत जाईन."

"मग बंद नाय करत." गठ्ठा उचलता उचलता ते थांबले. "फक्त नाव बदला, सर. सकाळी सकाळी ते नाव समोर आलं की मला पुढचं काम सुचत नाय. आणि फोन करत जा. गुडघ्याचं नाय विचारलं तरी चालंल."

ते गेल्यावर मी फाइल उघडली. एका ओळीत अवतरणचिन्हांच्या आत तिचं नाव होतं. ते पुसायला बराच वेळ लागला. तिथं माझं लिहिलं. पत्ता बदलावा लागला नाही.