पहिली धार नदीला

"यात दारू हाय काय?"

माझ्या औषधाच्या दुकानात आले की गुरुजी आधी हे विचारत. मग बाटलीचं झाकण उघडून, डोळे मिटून हुंगत आणि बाटली परत करत. उघडलेली बाटली मी कुणाला विकणार, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

तुम्हाला ते सोवळे वाटतील. तसं नव्हतं. परतवाड्याच्या पलीकडे, नदीकाठी आमचं जुनं गाव. चैत्रात मोहाची फुलं पडली की इथे दारू निघते. कोण काढतं ते सगळ्यांना माहीत असतं, आणि विचारलं तर कुणालाच नसतं. रीत अशी, की पहिली धार नदीला. ती ओतणाऱ्याने जन्मात दारू चाखलेली नसावी. त्याने ओतल्याशिवाय बाकीच्यांनी थेंब घ्यायचा नाही. आणि गावात न चाखलेला एकच बाप्या उरला होता. निवृत्त शाळामास्तर.

त्यामुळे गावातले पिणारे त्यांना जिवापाड जपत. बहुतेक त्यांचेच विद्यार्थी. लग्नात गुरुजींचं सरबत आधी दुसरा कुणी पिऊन बघे. एक जण तर माझ्या दुकानात त्यांच्या पाया पडला.

"गुरुजी, त्या होमिओपॅथीच्या नादी लागू नका."

"काहून रे?"

"त्यात असते न थोडी. आमचं वर्ष वाया जाईन!"

ऐंशीव्या वर्षी एका दुपारी, दुकानात कुणी नाही असं बघून गुरुजी आले.

"बाई, तू कधी चाखली काय?"

"नाही."

"मंग औंदा तूच ओत. मले एकदा पिऊन पाहाची हाय. आता नाई तं कधी?"

गावात खल झाला. बाईमाणूस कसं चालेल? दुसरा शोधा म्हणाले. जो सापडला तो पाळण्यात होता.

"नदीले माय म्हनता न रे?" गुरुजी म्हणाले. "मंग तिले बाईचं काय वावडं?"

मला दुकान उघडायचं होतं, म्हणून सकाळी घाटावर मी धार भरभर ओतली. वीसेक जणांनी गुरुजींना गराडा घातला. कुणीतरी पळसाच्या द्रोणात ओतून दिली.

"सावकाश, गुरुजी."

त्यांनी घोट घेतला. तोंड आंबट केलं. सगळे वाकून बघत होते.

"कशी हाय?"

"फुलं इतकी गोड असतेत रे," गुरुजी म्हणाले. "नासवली काहून?"

उरलेली त्यांनी नदीत ओतली आणि पायऱ्या चढून गेले. त्याच वर्षी, दिवाळीआधी ते वारले. मला मात्र ती सकाळच आठवते. वीस दांडगे पुरुष हातात भरलेले द्रोण घेऊन, गृहपाठ न केल्यासारखे उभे, आणि आधी कोण पिणार ते ठरेना.