मांजरसुंब्याला चालत कोण गेलं

ही हकिगत मी बरीच वर्षं टाळली. कुणी विषय काढला की मी पाऊसपाण्यावर बोलायचो. त्या पदयात्रेचा फोटो आमच्या बैठकीत लावलेला आहे. गळ्यात हार, डोक्यावर टोपी. नातवंडं तो पाहुण्यांना दाखवतात, तेव्हा मी चष्मा शोधायला आत जातो. चष्मा डोळ्यांवरच असतो.

आईच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा तिला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा युसूफ वडगावहून बीडला न्यावं लागे, एसटीनं. नेत होती माझी धाकटी बहीण, गावातच दिलेली. माझं कापडाचं दुकान होतं आणि दुकान बंद ठेवता येत नाही असं माझं मत होतं. अमावस्येला ते बंद असायचं, पण त्या दिवशी मी झोपायचो.

आईच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास मला एक कल्पना सुचली. युसूफ वडगाव ते मांजरसुंबा आपण पायी जायचं आणि लोकांनी आईच्या नावानं वर्गणी द्यायची. त्यातून खेड्यातल्या रुग्णांना डायलिसिसला नेण्यासाठी एक गाडी घ्यायची. लोकांना हे पटलं. अट एकच होती, पूर्ण चालायचं. माझं वय तेव्हा साठीच्या पुढं आणि पोट त्याहून पुढं होतं. बहीण म्हणाली, मीही येते. मी म्हणालो, कशाला? तरी ती आली.

पहिला दिवस केजपर्यंत ठीक गेला. दुसऱ्या दिवशी नेकनूरच्या अलीकडं माझ्या टाचेचा फोड फुटला. मी रस्त्याकडेला बसलो होतो, तेवढ्यात ओळखीच्या फळवाल्याचा पिकअप येऊन थांबला. आईच्या आजारपणात हा माणूस पपया देऊन पैसे घ्यायचा नाही. त्यानं माझा पाय पाहिला.

"बसा की शेठ. कावून पाय तोडून घ्यायलेत? मी कुणाला सांगायलोय व्हय?"

मी बहिणीकडं पाहिलं. तिनं पदर खोचला.

"तू बस अण्णा. मी येते चालत. आईच्या नावानं लोकांकडून घेतलंय, कुणीतरी चाललं पायजे."

मी बसलो. मागं सीताफळांच्या पाट्या होत्या. वाटेत मी दोन खाल्ली, चांगली पिकलेली होती. मांजरसुंब्याच्या बऱ्याच अलीकडं मी उतरलो. बहिणीला गाठू द्यावं, दोघांनी मिळून पोचावं, असा विचार करून एका पुलाच्या कठड्यावर बसलो. मग ऊन फार झालं. बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं आणि एकटाच लंगडत निघालो. लंगडणं मात्र खरं होतं.

एका धाब्यावर स्वागताची तयारी होती. हलगी वाजली. ओला सदरा बघून कुणीतरी म्हणालं, माणूस घामानं निथळायलाय. मला टॉवेल-टोपी झाली, नारळ झाला, फोटो झाला. नंतर भाषणं झाली. अध्यक्ष आईच्या कष्टांवर बोलत होते, तेवढ्यात बहीण आली. चपला हातात होत्या आणि पायांना फडकी गुंडाळलेली.

मंडळी गडबडली. बाईचा सत्कार करायचा तर साडी-चोळी लागते. तिला टॉवेल-टोपी देता येत नाही आणि साडी कुणी आणलेली नव्हती, कारण चालणारी बाई असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. एकजण नेकनूरला गाडी पिटाळायला निघाला. अध्यक्षांनी माईक बाजूला धरून मला विचारलं,

"ताई पण चालत आल्या का हो?"

मी कापडवाला. दुकानात साडीच्या थप्प्या होत्या. निघताना एक पिशवीत टाकली असती तर हा प्रश्न आलाच नसता. मंडळींची अडचण होऊ नये, असं मला वाटलं. निदान तेव्हा मी स्वतःला तसंच सांगितलं.

"न्हाई," मी म्हणालो. "ती पिकअपनं आली."

सगळ्यांना हायसं वाटलं. बहीण माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिनं पाणी कुठं आहे ते विचारलं आणि ती पाणी प्यायला गेली.

परतताना जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. हळूच म्हणाली,

"अण्णा, मी कुठून बसले म्हणायचं? कुणी इचारलं तर दोघांचं एकच आलं पायजे."

मी म्हणालो, नेकनूरच्या अलीकडून.

पुढं गाडी आली. तिच्यावर आईचं नाव आहे. रुग्ण जातात-येतात, तेवढं खरं आहे. बहिणीला मात्र गावात अजून म्हणतात, अण्णा एवढे चालले आणि तुमाला चालवलं न्हाई का हो? ती म्हणते, मला मेलीला कुठलं चालवतंय.

गेल्या महिन्यात मी मुद्दाम तिच्या घरी गेलो. ती ओसरीवर तूर निवडत होती. मी म्हणालो, तुला मांजरसुंब्याचं काही सांगायचं होतं. तिनं सुपातून मान वर केली नाही. पाय दुखायलेत का, म्हणाली. मी म्हणालो, थोडे. तिनं सूप बाजूला ठेवलं, तेल कोमट करून आणलं आणि खाली बसून माझा पाय मांडीवर घेतला. तिला धड खाली बसता येत नाही आता. माझं चुकलं, तू चालत आली होतीस आणि मी नव्हतो, असं सगळं तोंडात तयार होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "जरा खाली, पोटरीला."