बुंधा खाली, शेंडा वर

तोकुझो मिस्त्रीला माणसांपेक्षा लाकडं जास्त ओळखू येतात, हे त्याच्या बायकोला, कियोला, लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं. सासुरवाडीच्या चार मावश्यांची नावं त्याला आजही धड सांगता येत नाहीत. पण देवदाराचा ओंडका दाखवा, डोंगराच्या उन्हाच्या अंगाचा की सावलीच्या, ते हात फिरवून सांगेल.

जपानात, आकिताकडच्या एका गावात पंचावन्न वर्षं त्याने घरं उभारली. एका घराचे खांब नि तुळया तासायला दोन-दोन महिने जायचे. गुडघे गेले तसा मुलीने, मिसाओने, कारभार हाती घेतला आणि लाकूड कारखान्यातून कापून आणायला लागली. तिथलं मशीन तेच काम दोन दिवसांत उरकायचं. तोकुझोचं जेवणावरचं लक्ष उडालं.

कियो म्हणाली, "मशीनवर रुसा हो, माझ्या मुळ्याच्या लोणच्याने काय केलंय?"

त्या साली मिसाओने सेकिने आडनावाच्या मास्तरणीचं घर बांधायला घेतलं. जुनं घर बर्फाच्या भाराने बसलं होतं. बिचारी दिराच्या मागच्या खोलीत दिवस काढत होती. यंदाचा बर्फ दाराशी आलेला, आणि क्रेन मिळाली एकाच दिवसापुरती. संध्याकाळी पाचच्या आत आढं चढलं नाही, तर मास्तरणीचा हिवाळा पुन्हा दिराकडे.

सकाळीच एकूण आठ खांब भराभर उभे राहिले. सगळं खाचेत खाच. "बरं कापतं," तोकुझो नाइलाजाने म्हणाला. एवढ्यात घराचा मधला, मोठा खांब क्रेनला लटकला आणि तोकुझो ओरडला, "थांबवा!"

"काय झालं, बाबा?"

"उलटा आहे. गाठी बघ, खाली माना घालून बसल्यात. झाड डोंगरावर उभं होतं तसंच घरात उभं राहायला हवं. बुंधा वर केला की त्या घराची बरकत गेली."

"मशीनला कुठे कळतो बुंधा नि शेंडा? खाचा पाडून झाल्यात, आता फिरवताही येत नाही. मास्तरणींनाही कळायचं नाही."

"मला कळलंय ना!"

क्रेनवाला वरून ओरडला, "मिस्त्री, उलटा असो नाहीतर आडवा, मी पाचला निघणार!"

मिसाओ त्या गाठींकडे बघत राहिली. सुताराचीच पोर ती. म्हणाली, "एक वाजेपर्यंत दुसरा खांब द्या. तोवर मी पूर्वेची बाजू चढवते. नाही झाला, तर हाच बसेल आणि तुम्ही चकार शब्द काढायचा नाही."

शेडमध्ये सात वर्षं वाळवलेला देवदार होता. तोकुझोने कागदावरची मापं आखली, खाचा पाडल्या आणि एकच्या ठोक्याला खांब आणून दिला. तो उभाही राहिला. पण पहिली तुळई खाली सोडली, ती खाचेत जाईना. लाकडी घण घातले, तरी जाईना. पंचावन्न वर्षांची सवय नडली. हाताने घडवलेला सांधा ठोकून बसवायचा, म्हणून खाच केसभर घट्ट ठेवायची. ही तुळई मात्र मशीनची, तिला ठोकून घ्यायचं ठाऊक नव्हतं. खालची सगळी मंडळी आपापल्या बुटांकडे बघायला लागली.

तोकुझो कुरकुरत्या गुडघ्यांनी शिडी चढला आणि वरूनच म्हणाला, "मिसाओ, तुळईच्या टोकाला तुझ्या मशीनचा आकडा काय? तोंडाने सांग, मला त्या मोबाइलवर दिसत नाही."

ती वाचत गेली, तो पटाशीने तासत गेला. एकेक तुळई आपल्या जागी बसली. पाचला सात मिनिटं असताना आढं चढलं. आढं चढलं की करायच्या रिवाजाप्रमाणे तोकुझोने वरून खालच्या मंडळींवर भाताचे वडे उधळले. त्यातला एक मास्तरणीच्या डोक्यात बसला, तरी ती हसतच होती.

दुसऱ्या दिवशी तो नुसतं बघून येतो म्हणून कारखान्यात गेला आणि मशीनच्या तोंडाशी स्टूल टाकून बसला. प्रत्येक लाकूड उलटंसुलटं करून, बुंध्याला खडूची खूण केल्याशिवाय आत जाऊ देईना.

दुपारी मालकाचा मिसाओला फोन आला. "अहो, तुमच्या वडिलांना घेऊन जा. यांच्यापायी रोज अर्धा तास जाईल."

"जाऊ द्या," मिसाओ म्हणाली. "काल एका खांबाने माझा अख्खा दिवस घालवला असता."