कॅनरीची दृष्ट

सकाळी डोळे उघडले की आधी चूल नाही, आधी कॅनरी. पाटणजवळच्या आमच्या गावात कॅनरी म्हणजे काय, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे तिला पिवळी चिमणी म्हणत. हे मिलिटरीत होते. बदली झालेल्या साहेबानं दिलेला नर पिंजऱ्यासकट घेऊन आले आणि सुट्टी संपली तसे माझ्या गळ्यात मारून गेले.

राळे पाखडून घालायचे, वरची फोलपटं फुंकायची, पाणी बदलायचं, तळाचा घाण कागद काढायचा. आठवड्याला एक उकडलेलं अंडं कुस्करून. सासूबाई म्हणायच्या, "हितं पोरास्नी अंडं मिळंना, अन् ह्या चिमणीचं लाड बगा!" मांजराच्या भीतीनं पिंजरा स्वयंपाकघरातच टांगलेला. दोन म्हशी, शेतावरची भाकरी, त्यात हे. खरं सांगते, जीव विटला होता. वर यांचं प्रत्येक पत्र विचारणार, पाखरू गातं का? माझी चौकशी शेवटच्या ओळीत, जागा उरली तर.

गायचा मात्र झकास. शेजारीण दारात थांबून म्हणायची, "लय ग्वाड गळा हाय गं बाई!"

श्रावणात तो एकाएकी गप्प झाला. पिसंही गळायला लागली. ही पाखरं वर्षातून एकदा पिसं टाकतात आणि तेवढे दिवस गात नाहीत, हे मला फार पुढं कळलं. तेव्हा वाटलं, आजारीच पडला. पंधरा दिवसांत हे सुट्टीवर येणार होते.

"नजर लागली बग त्येला," सासूबाई म्हणाल्या. "मीठ-मिरच्या ववाळून टाकते."

नको म्हणावंसं वाटलं होतं. पण दिवसभर शेतात भांगलून आले होते, वाद घालायचं त्राण नव्हतं. "टाका, आत्याबाई," म्हटलं. बाहेर पाऊस, दार लावलेलं. लेकराची काढावी तशी त्यांनी मायेनं दृष्ट काढली आणि मूठ निखाऱ्यावर टाकली. असा खकाणा उठला की आम्ही दोघी खोकून बेजार.

"ठसका लागला, म्हंजी दृष्ट नव्हतीच," त्या डोळे पुशीत म्हणाल्या. तोवर तो पिंजऱ्याच्या तळाशी निपचित पडला होता.

सासूबाई हमसून रडल्या. "त्येला सांगू नगंस गं. त्यो माझं तोंड बगायचा न्हाई." मी हो म्हटलं. मला त्यांची कीव आली, आणि उद्यापासून एक काम कमी, असंही वाटलं. त्या वाटण्याची लाज आजही आहे.

हे आले. रिकामा पिंजरा बघून खांद्यावरची पेटी खाली ठेवायचंही सुचेना. "कसा गेला?"

"पाणी घालायचं राहिलं माझ्याकडनं."

"येक जीव सांभाळाय दिला, तेवडंबी जमलं न्हाई तुला?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. आता तरी बोलतील, असं मला वाटलं.

बोलल्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्या रोज सांगत व्हते तिला, पाणी बग म्हनून."