ऊन दाखवलं

जिन्याखालच्या ड्रेसिनाला आज मधोमध कोवळं पान फुटलंय. शेजारची दोन पानं मात्र करपलेलीच आहेत. ती मी कापली नाहीत.

बंगळुरूला नोकरीला जाताना मुलीने ही कुंडी इथे ठेवली आणि बजावलं, "बाबा, हिला ऊन नको. सावलीतच खूश असते ही." पण आमच्याकडे पापडापासून गाद्यांपर्यंत सगळ्याला ऊन दाखवायची रीत. आठवडाभराने मला राहवेना. कुंडी गच्चीवर नेली, आणि संध्याकाळपर्यंत पानं करपली.

लहानपणी पाहुणे आले की ती दाराआड उभी राहायची. मी हाताला धरून तिला पुढे आणायचो, गाणं म्हणायला लावायचो. ती मान खाली घालून म्हणायची. चारचौघांत आणलं की मूल खुलतं, असं मला वाटायचं.

आता ओल्या फडक्याने रोज पानं पुसतो. हे नवं पान बघायला तिने यावं, असं फार वाटतं.

मघाशी फोनवर तिने विचारलं, "ऊन नाही ना दाखवलंस?"

"दाखवलं. एकदाच."

"वाटलंच मला," ती म्हणाली. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.