मच्छी लिहा, मग सही करते

रबाळ्याच्या गावठाणात एका चार मजली बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, मी भाड्याने राहते. माझे वडील साताऱ्याकडून येऊन मार्केटमध्ये माथाडी झाले, पाठ गेल्यावर गावी परतले आणि खोली मला ठेवून गेले. बिल्डिंगचे मालक याच गावचे. भातशेती सरकारने घेतली, तेव्हा मिळालेल्या पैशांतून आणि नंतर काढलेल्या कर्जातून त्यांनी ही बिल्डिंग उभी केली. त्यांना मी काका म्हणते. त्यांच्या बायकोला काकी म्हणायचे. काकींना एका टँकरने मारलं.

‘मारलं’ असंच लिहिणार. ‘अपघातात दुर्दैवी मृत्यू’ हे शब्द पेपरवाल्यांनी वापरावेत. मी रस्त्यांवर मरणाऱ्या माणसांसाठी पत्रकं लिहिते, सिग्नलला उभी राहून ती वाटते, मेलेल्यांच्या घरच्यांना भरपाईच्या दाव्यासाठी वकिलापर्यंत नेते. आमची समिती पाच जणांची, त्यातले दोघे फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर असतात. टँकर एमआयडीसीतून भरधाव निघाला होता, सर्व्हिस रोडला वळताना ना त्याने वेग कमी केला ना हॉर्न दिला. ड्रायव्हर जागीच सापडला, गुन्हा नोंदला गेला, टँकरचा विमा चालू होता. चूक कोणाची, यावर वाद नव्हताच. वाद झाला तो काकी कोण होत्या यावर.

सांगते कोण होत्या. काकी मासे विकायच्या. उरणहून टेम्पोने माल यायचा, तो घेऊन संध्याकाळी ऐरोलीला, आयटी पार्कच्या गेटपासून जरा लांब, फुटपाथवर बसायच्या. समोर बर्फाचा टप, बाजूला विळी. लॅपटॉपच्या बॅगा अडकवलेली पोरं-पोरी सुटायची आणि पुढ्यात येऊन उभी राहायची.

"आंटी, बोनलेस मिळेल?"

"मिलंल ना. काटे मी ठेवते, तू पैसे ठेव."

कोणी भाव पाडायला लागला की म्हणायच्या, "हे तुज्या कंपनीत जाऊन बोल. बोल, पगार जरा कमी द्या."

घरी मात्र या धंद्याला धंदा म्हणायची पद्धत नव्हती. संध्याकाळी निघताना काकी "जरा जाऊन येते" म्हणायच्या, आणि शेजारीपाजारीही तेच म्हणायचे, "वहिनी जरा गेल्यात." चार मजली बिल्डिंगच्या मालकाची बायको फुटपाथवर टप घेऊन बसते, हे सगळ्यांना माहीत आणि कोणाच्या तोंडी नाही.

त्या संध्याकाळी काकी टप घेऊन रस्ता ओलांडत होत्या. त्यांचा मुलगा छोटीमोठी बांधकामं घेतो, त्याची साईट जवळच होती. पोलिसांच्या आधी तो पोचला. आधी त्याने आईला चादरीने झाकलं. मग टप उचलून आपल्या गाडीत टाकला आणि सांडलेली कोलंबी पायाने गटारात लोटली. पंचनाम्यात चप्पल आली, साडीचा रंग आला, बांगड्या आल्या. मासळी आली नाही.

पुढे मी त्याला विचारलं, हे कशाला केलंस?

"लोक मोबाईल काढून उभे होते. माझी आय मच्छीत पडलेली, असा व्हिडिओ अख्ख्या नवी मुंबईत फिरला असता. तू काय केलं असतंस?"

 

दावा ठाण्याला लावला. आमच्या वकीलबाई अशा केसेस वर्षानुवर्षं चालवतात, शब्द वाया घालवत नाहीत. त्या म्हणाल्या, "भरपाई मयताच्या कमाईवर ठरते. नुसती गृहिणी म्हटलं तर कोर्ट अंदाजाने एक आकडा धरतं, तो तुटपुंजा असतो. मासे विकायच्या हे सिद्ध झालं तर खूप फरक पडेल. पुरावा काय आहे?"

पुरावा असायला हवा होता. गिऱ्हाइकं मोबाईलवरून पैसे द्यायची. पण टपाशेजारी ठेवलेला स्कॅनर मुलाच्या नावाचा होता. काकींना बँकेचं ॲप जमत नव्हतं, म्हणून त्याने आपलं खातं जोडून दिलेलं. सगळे पैसे त्याच्या खात्यात, साईटच्या पैशांत मिसळलेले. ते खातं कोर्टासमोर उघडायला तो तयार नव्हता. "टॅक्सवाले मागे लागतील. फुकटचं टेन्शन." कष्ट आईचे, नोंद मुलाची. मी गिऱ्हाइकांकडेही गेले. दर आठवड्याला पापलेट नेणारी एक मॅडम हळहळली, डोळे पुसले, आणि म्हणाली की कोर्टात यायला तिला सुट्टी मिळणार नाही.

हे सगळं ज्या एका माणसावर शेकणार होतं ती काकींची मुलगी. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. बिल्डिंगचं भाडं कर्जाच्या हप्त्यात आणि भावाच्या साईटवर जायचं, हिची फी काकी भरायच्या. काकी गेल्या आणि फी थांबली. घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. दाव्यातून तिच्या वाट्याला शिकण्यापुरतं काही आलं तर ती शिकणार होती. नाही आलं तर स्थळं बघायला माणसं तयारच होती.

काकांचं शपथपत्र करायला आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो. मी मसुदा वाचत होते. ‘मयत ही मासेविक्री करून’ इथपर्यंत आले आणि काका म्हणाले, "ते काढ."

"काका, ते काढलं तर दाव्यात राहतं काय?"

"माझी बायको टप घेऊन रस्त्यावर बसायची, असं मी सरकारी कागदावर लिवू? माझे भाव वाचतील ते."

"तुमच्या भावांनी काकींकडून मासे घेतलेत. मी बघितलंय."

"घेतले. म्हनजे विकले असं कोन बोलला? भावकीत देत होती."

"पैसे घेऊन?"

"ते बायकाबायकांचं. मना काय माहीत."

मुलगी उंबऱ्यात उभी होती. "बाबा, माझी फी कोन भरत होतं?"

काका जराही अडखळले नाहीत. "मीच. तिच्या हातानं."

यावर हसू येईल कोणाला. मला आलं नाही. बायकोने कमवायचं, मोजायचं, भरायचं, आणि भरलं कोणी तर मी. शेवटी वकीलबाईंनी फोनवर मध्यम मार्ग काढला, ‘घरकाम सांभाळून फावल्या वेळेत मासेविक्री’. फावला वेळ हा शब्द ऐकून माझं डोकं फिरलं. चार माणसांचं रांधून, धुऊन, बिल्डिंगची टाकी भरून झाल्यावर जो वेळ उरतो त्याला फावला म्हणतात हे मला माहीत नव्हतं. पण फावल्या वेळेवर काका सही करायला तयार झाले, म्हणून मी तसंच लिहून घेतलं.

उलटतपासणीच्या दिवशी काकांबरोबर त्यांचे दोन भाऊही आले, इस्त्रीचे शर्ट घालून. विमा कंपनीचा वकील तरुण होता, फार अदबीने बोलत होता.

"काका, चार मजली बिल्डिंग तुमचीच ना?"

"हो."

"भाडं नियमित येतं?"

"येतं."

"एवढं असताना बायकोला फुटपाथवर बसायची वेळ का आणलीत?"

मागच्या बाकावर भाऊ बसले होते. काका ताठ झाले. "आनली नाय. हौसेनं बसायची ती. तिच्या पैशाची आमच्या घरान गरज नव्हती."

वकिलाने मान लववली, आभार मानले. न्यायाधीशांनी स्टेनोला सांगितलं, "हे म्हणणे खरे आहे की, मयताच्या उत्पन्नावर आमचे कुटुंब अवलंबून नव्हते." काकांचा सगळा ताठा कोर्टाच्या मराठीत एवढासा झाला. बाहेर आल्यावर एका भावाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "बरा बोललास." वकीलबाई कॅन्टीनमध्ये चहा ढवळत बसल्या, तो प्यायल्याच नाहीत.

त्यानंतर महिना उलटायच्या आत विमा कंपनीकडून तडजोडीचा कागद आला. लोकअदालतीत मिटवा, एवढे देतो. आकडा गृहिणीचा होता, आणि मयताच्या व्यवसायापुढे लिहिलं होतं, ‘गृहिणी, स्वतंत्र उत्पन्न नाही’. काकांनी सही केली. मुलानेही केली. कोर्टकचेरीचा कंटाळा आला होता आणि साईटवर पैसा अडकला होता. तिसरी सही मुलीची हवी होती, कारण ती सज्ञान आणि दाव्यात अर्जदार.

ती माझ्या खोलीवर आली. मी तिच्या बाजूने पत्रक लिहून ठेवलं होतं. रात्रंदिवस राबणारी, पिचलेली, घामाने निथळणारी, जिचे कष्ट व्यवस्थेने पुसून टाकले ती आई. मला वाटलं चांगलं उतरलंय. तिने वाचलं आणि कागद परत दिला.

"ही कोन?"

"तुझी आई."

"माझी आय पिचलेली नव्हती. तिथे बसायला ती दुपारपासून तयारी करायची. केसांना तेल, नवी टिकली. घरी कधी एवढी बोलायची नाय तेवढी तिथे बोलायची." ती खिडकीत जाऊन उभी राहिली. "बाबा बोलले ते पन खोटं नाय. हौस होती तिला."

"मग कोर्टात असं बोलू नकोस. हौस म्हटलंस की संपलं."

"तू पन तेच बोलतेस. बाबा बोलतात हौस सांग, मच्छी नको सांगू. तू बोलतेस मच्छी सांग, हौस नको सांगू."

मी पत्रक घडी करून बाजूला ठेवलं. आमच्या पत्रकांत मेलेली बाई नेहमी दुःखीच असते, नाहीतर वाचतं कोण? आणि कोर्टात तर राबणाऱ्या बाईने राबताना हसायचंच नाही. हसली तर ती कमाई नव्हे, करमणूक. माझा राग काकांवर होता, मुलावर होता, त्या अदबशीर वकिलावर होता. त्या दिवशी तो जरा सैरभैर झाला.

वकीलबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं. साक्ष देता येईल, पण वडिलांच्या साक्षीच्या विरुद्ध जाईल. उलटलं तर आत्ता मिळतंय तेही कमी होऊ शकतं. तिने ऐकून घेतलं आणि साक्ष द्यायचं ठरवलं. काका आणि त्यांचे भाऊ पुन्हा मागच्या बाकावर. विमा कंपनीच्या वकिलाने तिला बेटा म्हणून सुरुवात केली.

"आई हौसेने मासे विकायच्या, बरोबर?"

"हो. हौसेनंच."

वकीलबाईंनी डोळे मिटले.

"घरात त्या पैशांची गरज नव्हती, असं तुमचे वडील म्हणाले."

"बाबांना नव्हती. मला होती. माझी फी, माझा पास, माझी पुस्तकं, सगळं तिच्या मच्छीचं. तिला हौस होती म्हनून मी शिकत होते. आता ती नाय तर मी घरी बसलेय."

"याचा काही कागद आहे?"

"कागद नाय. पंचनाम्यात टप पन नाय. तो आमीच उचलला."

 तिचा भाऊही आला होता, तो खाली बघत होता. न्यायाधीश स्टेनोला सांगू लागले तसे काका उठले आणि बाहेर गेले. जिन्याजवळ त्यांनी तिला गाठलं.

"भावलोकांसमोर टपाचं बोलायची गरज होती?"

"कोर्टात मी बोलले. गावात तुमी बोला."

"आता तरी त्या कागदावर सही कर. मिटव."

"मच्छी लिहा, मग सही करते."

विमा कंपनीचा वकील जवळच फाईल आवरत होता. त्याने हसून समजावलं, "बेटा, तो एक शब्द घातला की आकडा बदलतो."

"म्हनूनच बोलते," ती म्हणाली.

तिची पुन्हा प्रवेश घ्यायची मुदत त्याच सुमारास टळली. समितीच्या डब्यात तिच्या फीएवढे पैसे कधी नव्हतेच. आमच्याकडे घोषणा भरपूर आहेत. आता ती ऐरोलीत एका दवाखान्यात नावं नोंदवायला बसते. घरात तिला ताट वाढलं जातं, तिच्याशी बोललं जात नाही.

मग एका रविवारी सकाळी काका तिसऱ्या मजल्यावर आले. आत आले नाहीत, दारातच उभे राहिले.

"खोली खाली कर, पोरी. रागानं नाय बोलत. तू हितं हायस तवर ती सही करनार नाय."

"मी गेले तरी करणार नाही, काका."

"ठावं हाय मना."

तरी ते हलले नाहीत. कठड्याला हात टेकून खाली बघत राहिले.

"मी उठून गेलो त्या दिवशी. तिचं बोलनं सगलं लिवलं काय जजनं?"

"लिहिलं."

"मच्छी?"

"मच्छी पण. मासेविक्री असं लिहिलंय."

 "जिताडा ती विकत नव्हती," ते म्हणाले. "किती पन पैसे दे कोनी. जिताडा आला की घरी आनायची, माझ्यासाठी." मग जिना उतरायला लागले. दोन पायऱ्या उतरून थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "महिना संपला की चावी दे."

मी घणसोलीत खोली बघते आहे. पुढची तारीख पडली आहे. तडजोडीचा कागद वकीलबाईंच्या फाईलमध्ये तसाच आहे, त्यावर दोन सह्या आहेत.